नेवग्यांच्या घराचा उतार

आंबोलीतल्या नेवग्यांच्या घराला पन्हळ बसवली आणि घर आतून पूर्वेकडे कललं. बाहेरून ते सरळच होतं. भिंती ओळंब्यात होत्या, कौलांची रांग जागच्या जागी होती, कुंपणावरून कुणी बघितलं तर काही वेगळं दिसायचं नाही. उंबरा ओलांडून आत आलं, की मात्र माणूस तोल सावरायला भिंत धरायचा.

हेमलताबाईंना ते कळलं रिळांमुळे. त्या घरी ब्लाउज शिवायच्या. मशिनच्या फळीवरून लाल दोऱ्याचं रीळ घरंगळलं, स्वयंपाकघरातून माजघरात गेलं, माजघरातून पूर्वेच्या खोलीत गेलं, आणि त्या खोलीच्या अगदी कोपऱ्यात, जिथे भिंतीपलीकडे पन्हळीचा पाइप खाली उतरत होता, तिथे जाऊन थांबलं. त्याच्यामागून निळं गेलं. मग बॉबिनांचा डबाच गेला. हेमलताबाई सगळं गोळा करून परत निघाल्या तेव्हा त्यांना चढ लागला. मशिनपाशी पोचेपर्यंत धाप लागली.

"अहो, घर कललंय," त्या ओरडल्या.

मुकुंदराव पूर्वेच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. ती खुर्ची काल बाहेरच्या खोलीत होती. त्यांनी वर बघितलं आणि ते काहीतरी म्हणाले. ते काय म्हणाले हे ऐकायला हेमलताबाईंना पुन्हा खाली उतरावं लागलं.

"उतार उत्तम बसलाय, एवढंच म्हणालो," मुकुंदराव म्हणाले. "पाणी कुठे थांबत नाही."

हेमलताबाईंनी कपाळाला हात लावला.

मुकुंदराव वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. एक वस्तू दुसऱ्या वस्तूशी ताडून बघितल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. गेल्या पावसाळ्यात पागोळ्यांनी जोत्यालगतची माती धुऊन नेली आणि ओल खिडकीच्या चौकटीपर्यंत चढली, तेव्हा हेमलताबाई फक्त म्हणाल्या होत्या, "एक पन्हळ लावून घ्या." त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. पत्र्याची गंजते. प्लास्टिकची उन्हानं तडकते. अॅल्युमिनियमची टिकते, पण तिच्यावर पाऊस ताशा वाजवल्यासारखा वाजतो. अर्धगोल बरी की चौकोनी? हूक लांब लांब मारले तर पन्हळ मधेच पोट सोडते, जवळ जवळ मारले तर वासे फुटतात. हेमलताबाईंच्या भाचीच्या लग्नात मुकुंदरावांनी नवरदेवाच्या बापाला अक्षता हातात घेऊन उताराचं महत्त्व समजावून सांगितलं होतं.

"दोन्ही टोकांना पाइप ठेवा," असं हेमलताबाई तेव्हापासून सांगत होत्या. "इथला पाऊस एका पाइपाला झेपायचा नाही."

"उतार नीट असला की एक पुरतो," मुकुंदराव म्हणायचे. "दोन पाइप म्हणजे अर्धा उतार इकडे, अर्धा तिकडे. धड एकही नाही."

शेवटी रुंद, चौकोनी, अॅल्युमिनियमची पन्हळ आली आणि पूर्वेला एकच पाइप आला. बसवणारा बागकर म्हणून होता. त्याचा एक कान कायम मोबाइलला लागलेला असे.

हेमलताबाईंनी त्याला बोलावलं. तो लगेच आला नाही, तालुक्यातल्या सगळ्यांच्या पन्हळी त्यानेच बसवायच्या होत्या. आला तेव्हा त्याने बाहेर पाण्याची पारदर्शक नळी धरून माप घेतलं आणि मान डोलावली. मग तो आत आला, माजघरात त्याचा पाय सटकला आणि तो बसल्या बसल्या मुकुंदरावांच्या खुर्चीपर्यंत गेला.

"वैनीनू, पन्हळ एकदम लेवलात हा," तो तिथूनच ओरडला. "उतार तेच्यात ऱ्हवलोच नाय. तो घरात इलो."

शेवटचे शब्द ऐकायला हेमलताबाई खाली उतरल्या होत्या.

"मग तो परत पन्हळीत घाल," त्या म्हणाल्या.

"आता तो घालून होवचो नाय. उतार एकदा खंय बसलो, की थंयच बसता."

"अरे, पण मी राहायचं कसं?"

"लोकांच्या घरात पानी तुंबता. तुमच्या घरात तुंबता काय?" बागकरने विचारलं आणि फोन वाजला म्हणून तो चौकटीला धरून धरून बाहेर गेला.

मग पाऊस लागला, आणि पावसाबरोबर उतार वाढत गेला. हेमलताबाईंनी मशिन दोरीने खिडकीच्या गजांना बांधलं. ओट्यावरची भांडी त्या एकेक करून वर ठेवत आणि दुपारी सगळी पूर्वेच्या खोलीतून उचलून आणत. सुलभा राऊळ माप द्यायला आली, ती चप्पल काढेपर्यंत घसरत मुकुंदरावांपाशी गेली आणि त्यांनी तिला पन्हळीच्या हुकांबद्दल सगळं सांगितलं. तिला साडीचा दोर करून वर ओढून काढावं लागलं. "ब्लाउज सावंतवाडीतच शिवते," ती दारात म्हणाली. तिच्यामागून बाकीच्या बायकाही यायच्या थांबल्या.

वस्तू जात होत्या त्याला हेमलताबाईंचा इलाज नव्हता. पण बोलणंही जाऊ लागलं. स्वयंपाकघरात त्या जे म्हणत ते उतारावरून थेट मुकुंदरावांकडे पोचायचं. भाजीला मीठ जास्त झालं असं त्या स्वतःशी पुटपुटल्या तरी ते तिथे ऐकू जायचं. मुकुंदरावांचं बोलणं मात्र वर चढायचं नाही. हेमलताबाई हाक मारत, वाट बघत, वैतागत, आणि गुडघा दाबत खाली जात. तोवर त्यांचं बोलून झालेलं असायचं. पुढे पुढे तर खुर्चीसमोर उभं राहूनही त्यांचे नुसते ओठ हललेले दिसायचे. शब्द त्यांच्या पाठीमागून कोपऱ्यात निघून जायचे.

"एवढी वर्षं कधी धड उत्तर दिलं नाहीत, ते दिलंत ते हे असं," हेमलताबाई म्हणाल्या. मुकुंदरावांनी ते नीट ऐकलं असावं. त्यांच्याकडे सगळंच पोचत होतं.

पन्हळीत जांभळीची पानं साचायला लागली. मुकुंदरावांना आता कोपऱ्यातून उठून बाहेर येता येत नव्हतं, म्हणजे शिडीही हेमलताबाईंनीच लावायची. डोक्यावर इरलं घेऊन त्या वर चढल्या, पानांचा आणि शेवाळाचा चिखल हाताने उपसला, पाइपाच्या तोंडावरची जाळी काढून झटकली. तुंबलेलं पाणी गडगडत खाली गेलं. त्या शिडी उतरून पाइपाच्या खालच्या तोंडाशी हात धुवायला वाकल्या, तेव्हा पाण्यातून मुकुंदरावांचा आवाज आला.

"पन्हळ बसवली की काम संपलं असं नसतं," आवाज म्हणाला. "देखभाल लागते."

हेमलताबाईंनी हात तसेच धरले. पाणी वाहत राहिलं आणि त्यातून वाक्यं येत राहिली, पुढेमागे, जशी आत साचली होती तशी.

"चहा गार झालाय."

"जाळी दर दोन दिवसांनी बघायला हवी."

"गुडघ्याला काय झालंय तुझ्या? लंगडतेस."

"सुलभाला उगीच एवढं सांगितलं."

"दोन पाइप हवे होते, हेमा. तुझं बरोबर होतं."

हे शेवटचं वाक्य ओंजळीतून निसटून अंगणाकडेने वाहणाऱ्या व्हाळात गेलं. हेमलताबाईंनी घाईघाईने बादली लावली. बादली भरली, पण तिच्यात नुसतं पाणी होतं.

त्या ओल्या अंगानेच आत धावल्या आणि घसरत खुर्चीपर्यंत गेल्या. "परत म्हणा," त्या म्हणाल्या. "आत्ता बाहेर म्हणालात ते. माझ्या तोंडावर म्हणा."

मुकुंदरावांचे ओठ हलले. हेमलताबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी. त्यांची पाठ ओली होती. खुर्ची रिकामी होती, ते तिच्यामागे कोपऱ्यात उभे होते, आणि दोन भिंतींच्या बेचक्यात बसतील इतके त्यांचे खांदे अरुंद झाले होते. डावा हात मनगटापर्यंत गिलाव्यात गेला होता. चेहरा मात्र नेहमीसारखाच, काहीतरी ताडून बघत असल्यासारखा.

हेमलताबाई चौकटीला धरून वर आल्या, बाहेर पळाल्या आणि पाइपाला कान लावला.

"मला इथे बरं वाटत नाही," पाइप म्हणाला.

त्या दिवशी त्यांनी बागकरचा फोन तो उचलेपर्यंत सोडला नाही. तो आला. त्याने आत जायचं साफ नाकारलं आणि खिडकीतूनच मुकुंदरावांकडे बघितलं.

"ह्या तुंबतला," तो म्हणाला. "पाइपाच्या बेंडात अडाकले तर मगे काय खरा नाय."

"पन्हळ काढून टाक."

"काढलंय तर उतार घरातच ऱ्हवतलो. वरसून पानीपन आत येतला."

"मग पश्चिमेला दुसरा पाइप घाल. आत्ताच्या आत्ता."

बागकरने डोकं खाजवलं. "घालतंय. पन मगे माका बोलू नकात."

"तुला बोलून काही उपयोग झालाय का आजवर?" हेमलताबाई म्हणाल्या, आणि शिडी त्यांनीच धरली.

बागकरने पश्चिमेच्या टोकाला पन्हळीला भोक पाडलं, जाळी बसवली, पाइप जोडला, खाली बेंड लावला. शेवटचा क्लॅम्प आवळला तेव्हा घरातून आवाज आला, अंगावरची वाकळ कुणी झटकावी तसा. बागकर गाडीला किक मारून गेला.

हेमलताबाई मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरल्या. पाय सटकला नाही. जमीन सपाट होती, निदान तशी वाटली. मशिन दोरीला लोंबकळत नव्हतं, चार पायांवर उभं होतं. त्यांनी हाक मारली.

"आलो," मुकुंदराव म्हणाले, आणि ते स्वच्छ ऐकू आलं.

ते भिंतीतून हात सोडवून, गिलावा झटकत, सावकाश माजघराकडे येत होते. खांदे पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. हेमलताबाई इकडून निघाल्या. माजघराच्या बरोबर मध्यावर जमीन थोडी उंच झाली होती, फरशीखाली कुणी काठी ठेवल्यासारखी. तिच्यावर दोघं एकमेकांसमोर येऊन उभे राहिले.

"तेव्हाच ऐकलं असतंत तर," हेमलताबाई म्हणाल्या.

"दोन पाइप हवे होते," मुकुंदराव म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

हेमलताबाईंनी पदर खोचला होता. भांडायची सगळी तयारी झाली होती आणि भांडण संपलं होतं. "चहा टाकते," त्या शेवटी म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, चहा नंतर. त्या तिथेच उंचवट्यावर बसल्या, पाय पश्चिमेकडे सोडून. मुकुंदराव बसले, पाय पूर्वेकडे सोडून. पाठीला पाठ लागली. त्यांची पाठ अजून ओली होती, पण ऊब होती.

तेवढ्यात घाटातून ढग वर आला आणि कौलांवर पाऊस सुरू झाला. पाणी पन्हळीत आलं, मध्यावर दुभंगलं, अर्धं पूर्वेला गेलं, अर्धं पश्चिमेला. माजघरातला उंचवटा वर आला. दोघांच्या पाठी एकमेकींपासून सुटल्या. हेमलताबाईंनी वळून बघितलं तर मधे छपराच्या आढ्यासारखी धार झाली होती, आणि ती अजून चढत होती.

"अहो!" त्या ओरडल्या.

मुकुंदरावांनी पलीकडून हात टाकला. हेमलताबाईंनी इकडून टाकला. आढ्यावर एकमेकांची मनगटं सापडली. त्या आपल्या उतारावर पालथ्या पडल्या होत्या, पाय स्वयंपाकघराच्या भिंतीकडे खेचले जात होते. पलीकडे त्यांचंही तसंच होत असणार. आता त्यांचं फक्त मनगट दिसत होतं.

"सोडू नका," हेमलताबाई म्हणाल्या. शब्द त्यांच्या पोटाखालून, पदराला धरून मागे घसरत गेले आणि पश्चिमेच्या पाइपात उतरले. बाहेर दोन्ही पाइप धो धो वाहत होते. मुकुंदराव काहीतरी म्हणत होते. ऐकू काहीच येत नव्हतं, हातातल्या मनगटात फक्त बोलणाऱ्या माणसाची बारीक थरथर लागत होती.