कलिंगडाचा वास

मी भाचीवर चोरीचा आळ घेतला आणि तिने तो हसत हसत मान्य केला, तिथेच खरं तर मला शंका यायला हवी होती. सोळा वर्षांची कुठली मुलगी न केलेला गुन्हा हसत कबूल करते? पण राग आला की माझं डोकं चालत नाही, नुसतं तोंड चालतं. आमच्या घराण्यातच आहे ते.

माझी बेकरी आहे. पुढे दुकान, मागे भट्टीची खोली, वर राहायची जागा. भावजय तिच्या आजारी आईकडे परगावी गेली होती आणि भाऊ वायरमन, त्याच्या जाण्यायेण्याचं काही खरं नाही, म्हणून सुट्टीपुरती त्याची लेक माझ्याकडे आली. लहानपणी गालात बिस्किटं साठवायची म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणायचो. पुढे ताई गळून पडली, नुसती खारू उरली. पोरगी कामाला वाघ. ट्रे घासायची, केकवर नावं माझ्यापेक्षा सुंदर लिहायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, जे मला या जन्मात जमलेलं नाही. फक्त दर थोड्या वेळाने 'आत्या, आलेच हं' म्हणून वर पळायची आणि परत आली की तिच्या शर्टाला कधी स्ट्रॉबेरीचा वास, कधी व्हॅनिलाचा.

दुसऱ्या कुठल्याही घरात बाईचे कान टवकारले असते. माझं आयुष्य व्हॅनिलात गेलेलं. मी एवढंच ठरवलं की बया माझ्या महागड्या इसेन्सच्या बाटल्या अत्तरासारख्या अंगाला फासतेय.

"इसेन्स चोरतेस ना माझा?"

"हो गं आत्या, सॉरी. वास फार आवडतो मला."

मी कपाटाला कुलूप घातलं. वास येतच राहिला. मग मी अंदाज बांधला की तिने आधीच एका छोट्या बाटलीत साठा करून ठेवलाय. एवढी मी हुशार.

एका दुपारी ती खाली आली, माझ्या पुढून वाकून ट्रे उचलला आणि मला कलिंगडाचा वास आला. कलिंगडाचा इसेन्स माझ्या दुकानात नाही. कधी नव्हता. मी पिठाच्या हातांनीच वर गेले आणि तिच्या बॅगेची झडती घेतली. मोज्यांच्या गुंडाळीत एक बोटभर चकचकीत वस्तू निघाली. आधी वाटलं लिपस्टिक. नाकाला लावली तर कलिंगड! एरवी शाळा सुटल्यावर समोरच्या कोपऱ्यावर पोरं काय ओढत उभी असतात ते मी रोज काचेतून बघत होते. व्हेप म्हणतात त्याला, वासाची वाफ सोडणारी सिगारेट. बघत होते आणि त्यांच्या आईबापांना नावं ठेवत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते व्हेप मी पाण्याच्या बादलीत बुडवलं. खारू भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झालं बोलून?" आणि खाली जाऊन गिऱ्हाइकाला बन दिले.

मग मी पहारा सुरू केला. खिसे तपासले, पिशव्या उलट्या केल्या, वर गेली की मागून जिना चढले. खारू ट्रे आपटू लागली. केकवरची अक्षरं वाकडी यायची. गोड बोलणारी पोरगी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली. मला वाटलं, चला, सुटतंय. दुखलं तरी सुटतंय.

आणि मग मैद्याच्या पोत्यात माझ्या हाताला दुसरं व्हेप लागलं. माझ्या मैद्यात! मी ते धरून तिच्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा दिसला. त्यात मुजोरी नव्हती. पोरगी घाबरलेली होती.

"आत्या, मी सोडून बघितलं. खरंच बघितलं. होत नाहीये माझ्याच्याने." मग हळूच म्हणाली, "मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून घेतलं होतं गं. आता सकाळी डोळे उघडायच्या आधी उशीखाली हात जातो. बाबाला सांगू नकोस ना."

राग असला की भीती जवळ येत नाही, हा रागाचा मोठा फायदा. त्या क्षणी माझा राग कुठे गेला कोण जाणे, आणि मला भयंकर भीती वाटली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांत मैदा गेला.

रोज सकाळी ब्राऊन ब्रेड नेणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या दवाखान्यात. त्या आधी खारूशी एकटीशी बोलल्या, मग मला आत बोलावलं. म्हणाल्या, यातही निकोटिनच असतं, हा वाह्यातपणा नाही, लागलेली सवय आहे. तलफ उसळते, पण थोडा वेळ काढला की ओसरते. तो वेळ काढायला सोबत लागते. औषधाचं काय ते त्या बघणार होत्या, दर आठवड्याला भेटायचंही ठरलं.

"आणि आत्याबाई, तुमचं काम एकच. हवंसं वाटलं की हिने तुम्हाला सांगायचं. चुकून ओढलं तरी सांगायचं. आणि तुम्ही ओरडायचं नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"डॉक्टर," खारू म्हणाली, "हिलाच काहीतरी गोळी द्या."

तर असं आमचं सुरू झालं. "आत्या, हवंय," ती म्हणायची आणि मी तिच्यापुढे पिठाचा गोळा टाकायची. ती तो असा बुकलायची की ओटा हलायचा. त्या दिवसांतल्या पावाविषयी मी काही बोलणार नाही, गिऱ्हाईकं पुरेसं बोलली. पिठानेही भागलं नाही तर आम्ही दुकान तसंच टाकून कोपऱ्यापर्यंत चालून यायचो. ती चिडली की मी जीभ दातांत धरायची. तिला निकोटिन सोडायचं होतं आणि मला तोंडाचा पट्टा. कोणाचे हाल जास्त झाले ते देवच जाणे.

एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आली ती मान खाली घालून. "आत्या, ओढलं मी. दोनदा."

अख्खं भाषण माझ्या घशापर्यंत आलं होतं, उदाहरणांसकट. मी ते गिळलं. "बरं," म्हटलं. "सांगितलंस ते चांगलं केलंस. हात धू, पीठ तयार आहे."

मला ताप आलाय की काय अशी ती बघत राहिली. मी भट्टीमागे जाऊन पदराने डोळे पुसले. तिने ओढलं याचं वाईट वाटलंच, पण ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती. हायसं वाटलं, अगदी हायसं.

सुट्टी संपत आली. झाकून ठेवून ही घरी गेली, तर तिथे 'हवंय' कोणाला सांगणार? कोणालाच सांगायचं नसलं की हात पुन्हा उशीखाली जाणार. म्हणून आमचं ठरलं: मी भावाला सांगणार नाही, पण निघायच्या आधी तिने स्वतः सांगायचं. भाऊ म्हणजे माझीच आवृत्ती, फक्त आवाज दुप्पट.

तो आला, हात धुतले, चहा घेतला. खारू खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. गमतीपासून मैद्याच्या पोत्यापर्यंत, काही गाळलं नाही. भावाचा चेहरा लाल झाला. तो रंग मी आरशात पाहिलेला आहे. तो असा उठला की खुर्ची आडवी झाली.

"तुला माहीत होतं?" माझ्यावर गरजला. "आणि मला कळवलं नाहीस?"

"तिने सांगायचं ठरलं होतं," मी हळू आवाजात म्हटलं.

तो तडक बाहेर गेला. काचेतून दिसत होता, फुटपाथवर येरझारा घालत, हातवारे करत, कोणाशी कोण जाणे.

"बाबा निघून जाईल?" खारूने विचारलं.

"गाडीची किल्ली इथे टेबलावर आहे. जातो कुठे?" मी म्हटलं खरं, पण किल्ली हळूच पदराखाली सरकवली.

बऱ्याच वेळाने तो आत आला. खुर्ची उचलून लेकीशेजारी ठेवली आणि बसला. आवाज पार बसलेला.

"फार त्रास होतो का गं?"

इतक्या दिवसांत न रडलेली खारू तेव्हा रडली. "होतो."

"आणि एकटीने सोसलास?"

"एकटी कुठे होते? आत्या होती की. ओरडलीसुद्धा नाही."

"ही?" भावाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काउंटरनेच बोलायला सुरुवात केली. "ही ओरडली नाही?"

खारू रडतारडता हसली. मग तिने दोन्ही हातांनी डोळे पुसले, बापाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आत्ता हवंय मला."

त्याच्या नाकपुड्या फुगल्या. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि उठला.

"चल," म्हणाला, "जरा चालून येऊ."

दोघं बाहेर पडली. चार पावलांवर त्याने तिचा हात धरला आणि तिने तो सोडवून घेतला नाही. माझा जीव भांड्यात पडला. काउंटरवर कोणीतरी बन मागत होतं. मी म्हटलं, थांबा हो जरा, आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसून मनसोक्त रडून घेतलं.