पिनांगची ओटी

मद्रास बंदरावरचे हमाल व्यासराजरावांना "भट्टी अय्या" म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. सरकारी कागदावर ते वनस्पती तपासणीचे इन्स्पेक्टर होते. परदेशातून बोटीनं आलेलं रोप, बी, फळ, कंद, चिमूटभर माती, जे म्हणून उगवू शकतं किंवा ज्यातून काही वळवळत बाहेर येऊ शकतं, ते आधी त्यांच्या टेबलावर यायचं. संशय आला की शेडमागच्या विटांच्या भट्टीत जायचं आणि मालकाच्या हातात एक पावती पडायची. अकरा वर्षांत त्यांनी एका मंत्र्याची ऑर्किडं जाळली होती, एका स्वामींचं रुद्राक्षाचं रोप जाळलं होतं आणि सख्ख्या मेव्हण्यानं सिलोनहून आणलेले केळीचे मुनवे जाळले होते. मेव्हणा अजून बोलत नव्हता. तो आधीही कामापुरतंच बोलायचा, म्हणून व्यासराजरावांना फारसा फरक पडला नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा किड्याला काय भ्यायचं? असं म्हणणाऱ्याला व्यासराजराव खुर्ची देत आणि सांगत की सिलोनात पूर्वी कॉफी पिकायची, मग पानांवर एक तांबेरा आला आणि सगळं बेट चहा प्यायला लागलं. एवढं सांगून ते पुढच्या पेटीकडे वळत. मद्रासच्या माणसाला यापेक्षा भयंकर गोष्ट सांगावी लागत नाही.

त्यांचा मदतनीस रत्नाकर साताऱ्याकडचा, नुकताच शेतकी कॉलेजातून आलेला. व्यासराजराव तंजावरचे मराठी. बंदरावर तमिळ, कागदावर इंग्रजी आणि घरी जुनं तंजावरी मराठी बोलणारे. रत्नाकरचं मराठी त्यांना धडा वाचल्यासारखं वाटे, आणि त्यांचं मराठी ऐकून रत्नाकरला पणजोबांची पत्रं आठवत. पण एका बाबतीत दोघांचं पहिल्याच आठवड्यात जमलं. बोटीवरून सवाष्णी उतरत, कुणाकुणाच्या पदरात निघताना सासरी भरलेली ओटी कमरेशी खोचलेली असे. रत्नाकरनं विचारलं, यांचं काय करायचं? व्यासराजराव म्हणाले, भरल्या ओटीला टोकत नाहीत. रत्नाकरनं मान डोलावली, कारण त्याची आईही हेच म्हणायची. एवढा शिकलेला मुलगा, पण पुढे दोघांच्याही मनात हा प्रश्न पुन्हा आला नाही.

अठ्ठावन्न साली जुलैतल्या एका शुक्रवारी मलायातून पिनांगची बोट लागली. त्या बोटीवर व्यासराजरावांची एकुलती एक मुलगी कृष्णवेणी होती, सातव्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी निघालेली. दोन वर्षांपूर्वी पोटातलं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं. त्या वेळी ती घाईत निघाली, सासूनं ओटी भरायची राहिली आणि बोटीवरच सगळं संपलं. डॉक्टरनं कारण वेगळं सांगितलं होतं. दोन्ही घरांतल्या बायकांनी डॉक्टरचं ऐकून घेतलं आणि ओटीचं धरून ठेवलं. तेव्हापासून व्यासराजरावांची बायको विशालाक्षी परसातल्या तुळशीपुढे रोज दिवा लावताना काय मागते, ते नुंगंबाक्कमच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

पण कृष्णवेणी लगेच दिसली नाही. बायकांची देवीच्या टोचणीचे दाखले बघायची रांग लांबली होती. तोवर व्यासराजरावांच्या टेबलाशी सीतालक्ष्मी नावाची साठीची सवाष्ण उभी राहिली. लेकाकडे दोन वर्षं राहून ती कुंभकोणमला परत निघाली होती, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं रामबुतान फळाचं रोप आणलं होतं, तिथल्या नातवाच्या अंगणात लावायला. मुळाशी मूठभर माती होती. व्यासराजरावांनी मातीसकट रोप भट्टीत पाठवलं.

सीतालक्ष्मीनं त्यांना तमिळ समजून स्वच्छ तंजावरी मराठीत शाप दिला, "तुझ्या अंगणात कधी काही रुजू नये."

व्यासराजरावांनी पावतीवरून नजर न काढता मराठीतच विचारलं, "नाव काय लिहू, आजी?"

दुसरी कुणी ओशाळली असती. सीतालक्ष्मीनं शाप पुन्हा एकदा दिला, सावकाश, नीट कळावा म्हणून, आणि मग नाव-पत्ता सांगितला. पावती घेऊन ती शेडमध्ये आपल्या ट्रंकेवर जाऊन बसली. नवरा गाडी बघायला गेला होता.

तेवढ्यात कृष्णवेणी आली. ट्रंकेजवळून जाताना तिनं आधी सीतालक्ष्मीचा हात धरला. सहा दिवस बोटीवर याच बाईनं तिला ताक पाजलं होतं, उलट्यांच्या वेळी पाठ चोळली होती. बोटीवर सगळे भट्टीवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते आणि पोरीनं तो आपला बाप आहे हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती सरळ टेबलाशी गेली आणि "अप्पा" म्हणाली. ट्रंकेवर बसलेल्या सीतालक्ष्मीचा चेहरा पांढराफटक पडला.

व्यासराजरावांना भरून आलं. लेक धडधाकट होती, गालांवर मांस होतं, पदरात ओटी घट्ट खोचलेली होती. त्यांनी रिवाजाप्रमाणे तिकडे पाहिलं नाही. पण कृष्णवेणीला राहवेना. सासूनं परसात लावलेल्या कॉफीच्या झाडाची पहिली कापी, अम्मासाठी मुद्दाम ओटीत घातलीय, असं म्हणत तिनं पदरात हात घातला आणि वाळकी चार बोंडं अप्पांच्या तळहातावर ठेवली.

रत्नाकर शिक्का आणायला आत गेला होता. कुणी पाहत नव्हतं. मूठ मिटून लेकीला घरी न्यायला कुणाची आडकाठी नव्हती, पण हाताला अकरा वर्षांची सवय. भिंग आपोआप डोळ्याशी गेलं. एका बोंडाच्या टोकाला टाचणीनं टोचल्यासारखं भोक होतं. नखानं बोंड फोडलं तर आत तिळाच्या निम्म्याएवढा काळा किडा, जिवंत, आपल्या कामात. सिलोनात, मलायात त्यानं बस्तान बसवलेलं होतं. कूर्ग, निलगिरी, शेवराय इथले कॉफीचे मळे अजून स्वच्छ होते.

व्यासराजरावांनी तपासणीचं ताट पुढे ओढलं. मग त्यांनी लेकीला सांगितलं की ओटी ताटात रिकामी करावी लागेल. नुसती बोंडं नाहीत, त्यांत मिसळलेले तांदूळ, नारळ, हळकुंड, खण, सगळं. कृष्णवेणीनं दोन्ही हातांनी पदर आवळला.

"मागच्या वेळी रिकामीच आले होते अप्पा," ती म्हणाली. "या वेळी नाही देणार."

एवढ्यात रत्नाकर शिक्का घेऊन आला. त्यानं ताट पाहिलं, फुटलेलं बोंड पाहिलं, भिंग पाहिलं, आणि त्याच्या तोंडून नको तेच निघालं, "साहेब, आजवर किती ओट्या गेल्या असतील?"

अकरा वर्षं त्यांनी देशाच्या दाराशी भट्टी पेटवून ठेवली होती आणि दर बोटीला सवाष्णींसाठी स्वतः बाजूला सरकून वाट करून दिली होती. त्यांना लाज वाटली, आणि लेकीकडे पाहून त्याहून जास्त भीती वाटली. ते उठले, कोट चढवला आणि बंदराच्या फाटकाबाहेर गेले. रत्नाकरला वाटलं, साहेब राजीनामा द्यायला गेले. पाऊण तासानं ते परतले तेव्हा बगलेत तांदळाची पुडी, नारळ, हळकुंडं, सुपारी आणि एक हिरवा खण होता. बाकीचं ठीक होतं, पण खणाच्या रंगावरून दुकानदाराशी वाद झाला होता.

पुरुषानं ओटी भरायची नसते. शेडमध्ये त्या वेळी लेकुरवाळी सवाष्ण एकच होती. व्यासराजराव ट्रंकेसमोर जाऊन उभे राहिले.

"आजी, माझ्या लेकीची ओटी भरता का?"

सीतालक्ष्मीनं हातातली पावती कमरेला खोचली. मग उठून कृष्णवेणीपाशी गेली आणि तिच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या. आधी जुनी ओटी ताटात उतरवून घेतली. रत्नाकरनं ताट झाकून भट्टीकडे नेलं. नवं सामान हातात आल्यावर सीतालक्ष्मीनं नारळ उचलला आणि व्यासराजरावांपुढे धरला.

"आधी भिंग लावा," ती म्हणाली.

व्यासराजरावांनी भिंग लावलं. नारळ तिन्ही डोळ्यांकडून पाहिला. हळकुंडं पाहिली, सुपारी पाहिली, तांदूळ कागदावर पसरून बोटानं चाळले. मग त्यांनी मान डोलावली.

सीतालक्ष्मीनं कुंकू लावलं आणि ओंजळ भरून तांदूळ पदरात सोडले. तीनदा ओंजळ भरली आणि तिन्ही वेळा, सावकाश, नीट कळावं म्हणून, म्हणाली, "रुजू दे." कृष्णवेणी रडत होती. व्यासराजराव भिंतीवरचा नियमांचा तक्ता वाचत उभे होते. तो त्यांना पाठ होता.

मागे भट्टीत कॉफीची बोंडं भाजली जाऊ लागली तसा शेडभर वास सुटला. तीन हमाल आणि जहाजावरचा एक खलाशी आत डोकावून विचारून गेले, कापी कुठे मिळते? रत्नाकरनं त्यांना हाकललं.

त्या संध्याकाळी व्यासराजरावांनी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं की आपण रुजू झाल्यापासून एकही ओटी तपासलेली नाही, चूक आपली, मदतनिसाचा दोष नाही, आणि यापुढे ओट्या तपासायला एका बाईची नेमणूक व्हावी. महिन्यानं उत्तर आलं, ओटी या वनस्पतीचं शास्त्रीय नाव कळवावं.

ते उत्तर घरी नेऊन त्यांनी कपाटात ठेवलं, सीतालक्ष्मीच्या पावतीच्या प्रतीखाली. तिच्यावरचा कुंभकोणमचा पत्ता त्यांनी सप्टेंबरात शोधून काढला. पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं: मुलगी झाली. दोघी सुखरूप. रुजलं.