मापावरची मूठ

धन्यकुमारला मापावर भरवसा कधी नव्हताच. घरात पिढीजात धान्याचं दुकान. माप भरून झालं, की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर एक मूठ पडायचीच. "माप दुकानाचं, मूठ आपली," असं वडील म्हणायचे. पुढं दुकान मोडलं, धन्यकुमारनं कुपवाडला भांड्यांचे प्लॅस्टिकचे दांडे करायचा छोटा कारखाना टाकला. पण मुठीची खोड काही जाईना.

मागल्या वर्षी पद्मावतीनं, त्याच्या बायकोनं, सकाळचं पातेलं शेगडीवरून उचललं. दांडा त्याच्याच कारखान्यातला. जैनाघरचं प्यायचं पाणी, चांगलं खळखळ उकळलेलं. दांडा तापून वाकला आणि सगळं पाणी तिच्या पायावर. पाय बरा झाला, डाग राहिला. ती काही बोलली नाही. ह्यानंही विचारलं नाही. विचारणार कुठल्या तोंडानं? फक्त त्या दिवसापासून ती पातेलं सांडशीनं उचलायला लागली. एखादी भांडून मोकळी झाली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. त्यानं साचा झाकून ठेवला. पद्मावती आपणहून हात लावेल असा दांडा होईतोवर एकही विकायचा नाही, असं ठरवलं.

लेक चंदना प्लॅस्टिकचंच शिकलेली. तिनं पांढऱ्या मातीचं पोतं आणलं.

"अण्णा, ही नायलॉनमधी घालायची. हिचे पापुद्रे इतके बारीक, की साध्या भिंगातनंबी दिसायचे न्हाईत. ते सुटे होऊन सगळीकडं पसरले, की नायलॉन तापला तरी सैल पडत न्हाई."

"किती घालायची?"

"किलोला चाळीस ग्रॅम."

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

आता एवढ्याशावर भागेल तर तो धन्यकुमार कसला! चंदना वजन करून मशीन तापवायला वळली, की हा माणूस पोत्यात हात घालून वर एक मूठ टाकायचा. बायकोसाठीचा दांडा, त्यात हात आखडता कशाला?

पहिला दांडा भट्टीत वजन टांगून तापवला, तर कडेला चिरला आणि खाली आला. दुसऱ्याचं तेच. चंदनानं तो कापून बघितला, तर आत पांढरे ठिपके. ती तिथंच खुर्चीत बसली.

"मला जमत न्हाई अण्णा. शिकले ते वायाच गेलं बगा. उद्यापास्नं नाद सोडते."

पोरीचा हिशोबच कमी पडतोय, असं धन्यकुमारला वाटलं. तिची समजूत काढून त्यानं तिला तिसऱ्यांदा उभं केलं, आणि ह्यावेळी गुपचूप दोन मुठी घ्यायला निघाला. पहिली मूठ पोत्याबाहेर आली, तेवढ्यात चंदना वळली.

"दरवेळी घालत हुता?"

"व्हय. तुज्या आईसाठी हाय न्हवं ते? कमी कसं पडू द्यायचं?"

चंदनाला राग आला, पण त्याचा पांढरा झालेला हात बघून तिचा आवाज खाली आला. "लय झाली की ते सुटंच हुईत न्हाईत अण्णा. एकमेकाला धरून गुठळ्या हुतात. गुठळीपाशीच दांडा हार खातो."

धन्यकुमारला तो भाजलेला पाय आठवला. मायेनं मूठ भरत आपण पुन्हा तेच करायला निघालो होतो, हे त्याला कळलं. त्यानं हातातली माती पोत्यात सोडली, हात धुतले आणि मिसळण होईपर्यंत ते पाठीमागं धरून उभा राहिला. हा दांडा भट्टीतून सरळ निघाला.

सकाळी पाणी उकळलं. पद्मावती सांडशी घेऊन आली आणि नवा दांडा बघून थांबली. चंदनानं तिला सगळं सांगितलं होतं.

"ह्यात मूठ न्हाई न्हवं?" तिनं धन्यकुमारला विचारलं.

"न्हाई. मापातच हाय."

तिनं सांडशी बाजूला ठेवली, दांडा धरला आणि पातेलं उचललं. धन्यकुमारचे दोन्ही हात आपसूक पातेल्याखाली गेले.

"आवं, हात काडा. भाजाल."

त्यानं काढले नाहीत. तिनं पाणी हळूहळू कळशीत ओतलं. दांडा तसाच राहिला. मग तिनं सांडशी उचलून खिळ्याला अडकवली.

"मला वाटलं हुतं, तुमी कवा तरी इचाराल," ती म्हणाली. "पाय दुखतो का म्हणून."

धन्यकुमार तिथंच, तिच्या पायाशी खाली बसला.

"दुखतो का गं?"

"थंडीत दुखतो," पद्मावती म्हणाली.