गिरणीवर जळणारे उखळ

मित्रांनो, मी एक जुने उखळ आहे, आणि स्वभावाने मत्सरी आहे. लाकूड आगीत जळते. मी मात्र आगीवाचूनच जळत आलो.

जावा बेटावर, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात कार्सोच्या वडिलांनी परसातले फणसाचे झाड तोडले आणि मला होडीसारखे लांब कोरले. कार्सोची नवी नवरी वागियेम माझ्यात भात कांडू लागली. शेजारणीही मुसळे घेऊन येत. समोरासमोर उभ्या राहून त्या असा ताल धरत, की पलीकडच्या वाडीपर्यंत माझा आवाज जाई. माझ्यातून निघणारा तांदूळ तांबूस असे, अंगावरचा कोंडा न सोडणारा. त्याचा भात चावून खावा लागे. पण तो खाल्लेल्या माणसाला दुपार उलटेपर्यंत भूक आठवत नसे.

मग गावच्या चौकात दार्सो नावाच्या एकाने भाताची गिरणी आणली. तिचा पहिला तांदूळ वागियेमने शिजवला आणि झाकण काढताच ती हरखून गेली.

"अगं बाई, मोगराच जणू! तो कोंड्याचा भात गरिबीत खाल्ला तेवढा पुरे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या तांदळाला कधी कोणी फूल म्हटले नव्हते! मला पालथे घालून छपराखाली सरकवले. कोंबड्या पाठीवर बसू लागल्या. गिरणीची घरघर कानावर आली, की मी मनात म्हणे, तुझा पट्टा तुटो.

वर्षे गेली. शेतात यंत्रे आली, कार्सोचे कष्ट कमी झाले. ताटातला पांढऱ्या भाताचा डोंगर आणि वरचा गोड चहा तेवढा तसाच राहिला. त्याला साखरेचा आजार जडला. पायाची जखम चिघळली आणि डॉक्टरांना त्याचे पाऊल कापावे लागले. तरीही चुलीवर तोच शुभ्र भात रटरटत होता. इतके होऊनही घरात माझे नाव निघाले नाही, याने मी आणखीच जळलो.

पुढे एकदा वागियेम दवाखान्यातून घुश्शातच परतली. सून लास्मी तिच्याबरोबर होती.

"नर्सबाई काय म्हणाल्या ते सांगा की आई," लास्मी म्हणाली.

"काय सांगायचं? साखर वर सरकतेय म्हणे. आजार अजून झालेला नाही. झाला नाही ना? मग झालं तर!"

"होऊ नये म्हणूनच म्हणाल्या ना त्या! कोंड्यासकट भात खा, चहातली साखर सोडा, रोज चाला."

"कोंडा कोंबड्यांना घालतात, माणसांना नाही."

लास्मी तडक छपराखाली आली. तिने मला सुलटे केले, घासून धुतले आणि मुसळ उचलले. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या पोटात भात पडला! मी सगळा जोर लावून घुमलो. गिरणीला ऐकू जावे, एवढीच माझी इच्छा होती. पण एका जेवणापुरता भात कांडेपर्यंत लास्मीच्या तळहातांना फोड आले.

तो तांबूस भात ताटात पडला, तशी वागियेमने मान फिरवली. कार्सो कुबडी टेकत पुढे सरकला आणि त्याने ते ताट तिच्या गुडघ्यापाशी ढकलले.

"खा."

"तुम्ही खा. मला काय धाड भरलीये?"

"मला रोज सकाळी उठवून कोण उभं करतं?" तो हळूच म्हणाला. "तू आडवी झालीस तर आपल्या दोघांना कोण उठवणार गं?"

वागियेमची नजर त्याच्या पाऊल नसलेल्या पायावर गेली. मग तिने घास घेतला. खूप वेळ चावला.

"दात दुखवणार हा," ती पुटपुटली, आणि दुसरा घास घेतला.

मला वाटले, आपण जिंकलो. पण दुसऱ्या दिवशी लास्मी भाताची टोपली घेऊन थेट गिरणीवर गेली. परतल्यावर ती हसत सासूला सांगत होती, "दार्सोकाकांना म्हटलं, नुसतं टरफल काढा, पॉलिश करू नका. ते म्हणाले, 'पोरी, लोक म्हणतील दार्सोची गिरणी बिघडली!' पण दिला काढून."

टोपलीत तांबूस तांदूळ होता. माझा तांदूळ! पांढरा तर गिरणीचाच होता, आता माझा रंगही तिने घेतला.

वागियेम तो खाऊ लागली. चहा फिका झाला, संध्याकाळी ती कालव्याकडेने चालू लागली. पुढच्या तपासणीत साखर खाली उतरली होती. कार्सोचे पाऊल काही परत आले नाही, पण त्याला उभे करणारे हात शाबूत राहिले. आता शेजारणीही गिरणीवर जाऊन सांगतात, "वागियेमला देता तसा द्या." 'उखळातल्यासारखा' असे एकीच्याही तोंडून निघत नाही.

मी अजून जळतो, मित्रांनो, ते लपवत नाही. पण सकाळी वागियेम कार्सोच्या काखेत हात घालून "उठा हो" म्हणते, तो उभा राहतो, आणि तेवढ्यापुरती माझी आग निवते. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. मला सांभाळा असे मी म्हणत नाही. माझ्यावर खुशाल कोंबड्या बसवा. फक्त दाण्याच्या अंगावरचा कोंडा ओरबाडून टाकू नका. दाणा उखळातून येवो, नाहीतर त्या मेल्या गिरणीतून येवो.