दोन बोटांवरची शाळा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्हाला कुणीतरी भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवले आहे. तुमच्या अंगावर एका मोठ्या शहराचे रस्ते, पूल, गल्ल्या, तलाव असे सगळे काढलेले आहे. तुम्हाला शहराची खडान्‌खडा माहिती आहे असे लोक समजतात. आणि तुम्ही मात्र त्या शहरात जन्मात एकदाही पाऊल टाकलेले नाही. टाकणार कसे? तुम्हाला पायच नाहीत.

आता डोळे उघडा. तो भिंतीवरचा मी. घरे शोधून देणाऱ्या एका दलालाच्या कचेरीतला हा जुना, कडांना पिवळा पडलेला नकाशा आज तुमच्याशी बोलतो आहे. मान खाली घालून बोलतो आहे, तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म छापखान्यात झाला. त्याआधी मोजणीदारांनी वर्षभर शहर पायी पालथे घातले होते. उन्हातान्हात साखळी ओढत, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून ते वहीत टिपत होते. म्हणजे माझ्या अंगावरची एकेक रेघ कुणाच्या तरी पायाला फोड आल्यावर उमटली आहे. पुढे मी हे विसरलो. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

माझ्या पाठीला कापड चिकटवले, वरखाली लाकडी दांड्या बसवल्या आणि मी या कचेरीत आलो. आमचे मालक माणूस वाईट नव्हे. जिभेवर साखर, कामाला चपळ. पण चालायचा भारी कंटाळा. जिथे तिथे स्कूटर. त्यांनी मला सजवले ते टाचण्यांनी. हिरवी टाचणी म्हणजे चांगली शाळा, निळी म्हणजे बाग, पांढरी म्हणजे दवाखाना. आणि काळी म्हणजे, तिकडे फिरकू नका.

अंतर मोजायची त्यांची रीत तर मोठी न्यारी होती. ते माझ्यावर बोटे आडवी ठेवत आणि म्हणत, "शाळा ना? ही बघा, दोन बोटांवर." खालचा चहावाला त्यांना तोंडावरच 'दोनबोटे' म्हणायचा. चहाचा पेला ठेवताना विचारायचा, "काय दोनबोटे, आज कुणाला स्वर्ग दाखवलात? की तोही दोन बोटं उरलाय?" मालक हसत. मीही मनात हसत असे. लोक माझ्यासमोर उभे राहून म्हणत, "वा, या नकाशात सगळं आहे बरं का." ते ऐकून माझ्या घड्या ताठ होत.

काळ्या टाचण्या चारच होत्या. त्यांतली एक काचकारखान्यामागच्या वस्तीवर. ती तिथे कशी आली, हे मला पक्के ठाऊक होते. सोळा वर्षांपूर्वी मालक त्या वस्तीत एक घर पाहायला गेले होते. बाहेर येऊन पाहतात तो स्कूटर गायब. त्यांनी पायी येऊन रागारागाने काळी टाचणी टोचली. तिसऱ्या दिवशी त्याच वस्तीतला एक सुतार स्कूटर ढकलत कचेरीच्या दारात हजर. "साहेब, उतारावर लावली होती तुम्ही," तो म्हणाला. "घरंगळत आमच्या अंगणात आली. कोंबड्या तेवढ्या घाबरल्या." मालकांनी त्याला चहा पाजला, दहादा आभार मानले. टाचणी काढायची मात्र राहून गेली. आज काढू, उद्या काढू, असे करता करता सोळा वर्षे.

मग एके दिवशी एक कुटुंब आले. आई परिचारिका, वडील लिफ्ट दुरुस्त करणारे, एक आजोबा आणि नऊ वर्षांची मुलगी. ती एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत.

"आमची मागणी काही मोठी नाही," आई म्हणाली. "मी सकाळी सहाला दवाखान्यात असते. हे दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. पोरीला शाळेत एकटीनं जाता-येता आलं पाहिजे. घर लहान असलं तरी चालेल."

"आणि मला बसायला एखादा ओटा," आजोबा म्हणाले. "चार माणसांशी बोलल्याशिवाय माझं अन्न पचत नाही."

"बोलल्यावर आमचं पचत नाही," वडील हळूच म्हणाले. आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आईने एक घर आधीच पाहून ठेवले होते. काचकारखान्यामागे. "छोटंसंच आहे. पण दारच्या ओट्याशी उभं राहिलं की शाळेची घंटा ऐकू येते," ती म्हणाली.

मालकांनी काळ्या टाचणीवर बोट ठेवले.

"का हो? काय आहे तिथे?" वडिलांनी विचारले.

"दादा, तुमची लेकीबाळीची गोष्ट. आता सगळंच माझ्या तोंडून कशाला वदवता?"

आईचा चेहरा उतरला. भिंगरी माझ्याजवळ आली, टाचणीकडे पाहत म्हणाली, "काका, तुम्ही तिथे चालत गेला आहात का?"

"भिंगरे, मोठ्यांच्या मधे बोलू नये," आई म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड नाही हे खरे. पण सोळा वर्षांत त्या टाचणीचे भोक सैल झाले होते. मी अंग जरा ढिले सोडले असते तरी ती गळून पडली असती. मी कापड आवळून धरले. का, ते सांगायची लाज वाटते. काळ्या टाचण्यांमुळे मी जाणता दिसत असे. शहरातल्या आतल्या गोष्टी ठाऊक असलेला. एका आईच्या काळजीपुढे मला माझा रुबाब प्यारा वाटला.

त्यांनी तलावाजवळच्या नव्या वसाहतीत घर घेतले. "हे तुमचं घर, ही शाळा," मालकांनी बोटे ठेवली. "दोनच बोटं." हिरवी टाचणी चमकत होती. घर आणि शाळा यांच्या मधून एक पिवळी रेघ, म्हणजे हमरस्ता, जात होती, दोऱ्याएवढी. मालकांची बोटे नेमकी तिच्यावरच होती, म्हणून ती कुणाला दिसली नाही. मला ती माझ्या अंगावर जाणवत होती.

चार महिन्यांनी आई आणि भिंगरी परत आल्या. आई खुर्चीत बसली आणि हातातल्या पिशवीचे बंद सरळ करू लागली.

"बाबांच्या, म्हणजे हिच्या आजोबांच्या, मांडीचं हाड मोडलं," ती म्हणाली. "शाळेच्या आणि आमच्या मधे हा एवढा रस्ता. गाड्यांचा ओघ थांबतच नाही. मधे लोखंडी कठडा. पोर एकटी कशी जाणार? म्हणून बाबा रोज तिचा हात धरून कठड्याच्या फटीतून न्यायचे. गेल्या महिन्यात एका मोटारसायकलीचा धक्का लागला. पोरीला त्यांनी आधी पलीकडे ढकललं, म्हणून ती वाचली."

मालकांच्या हातातला पेला तसाच राहिला. "शेजारपाजार..."

"कुणाचं दार उघडं दिसेल तर शपथ. बाबांना उचललं ते पलीकडच्या पंक्चरवाल्यानं. बसायला ओटा मिळाला नाही, ते आता बिछान्यात भिंतीशी गप्पा मारतात."

"मग शाळा?" मालकांनी भिंगरीला विचारले.

"खिडकीतून दिसते," ती म्हणाली. "मुलं रांगेत उभी राहतात तीपण दिसतात. मला हजेरीसुद्धा ऐकू येते, वारा असला की. जाता येत नाही फक्त."

मालकांची नजर हिरव्या टाचणीकडे गेली. मग आईच म्हणाली, "एकट्या तुम्हाला दोष देत नाही मी. मी नाडी बघितल्याशिवाय कुणाला गोळी देत नाही. आणि घर घेतलं ते टाचणी बघून. चूक माझीही आहे."

मालकांनी पेला खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. "ताई, त्या काळ्या टाचणीचं सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "माझी स्कूटर गेली होती तिथून."

"चोरीला?"

"नाही. घरंगळली होती. तिथल्याच माणसानं आणून दिली."

भिंगरीने बराच विचार केला आणि सरळपणे विचारले, "म्हणजे तुमची स्कूटर उताराला लागली, म्हणून आम्ही तिकडे राहायला गेलो नाही?"

ती चिडून बोलली असती तर बरे झाले असते. चिडलेल्या माणसापुढे निदान तोंड लपवता येते. तिला नुसते समजून घ्यायचे होते. मालकांनी मान हलवली. भिंतीवर मला वाटले, खिळा तुटावा आणि मी गुंडाळला जाऊन कपाटामागे पडावे. सोळा वर्षांत किती आया इथे उभ्या राहून त्या वस्तीकडे पाठ फिरवून गेल्या असतील, याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

"ते घर गेलं असेल ना आता?" आईने विचारले.

"असेल रिकामं," मालक खालच्या आवाजात म्हणाले. "मी तिकडे कुणाला पाठवतच नाही." आणि सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. "तिथून शाळा म्हणजे दीड..." बोटे अर्ध्यावरच थांबली. त्यांनी हात खिशात घातला.

मित्रांनो, मी कागद आहे. मला जपा, वाळवीपासून राखा, कोपरे मुडपू नका, असे माझ्यासारख्याने तुम्हाला सांगायला हवे. पण आज माझे मागणे वेगळे आहे. मला जपले नाही तरी चालेल, माझ्यावर आंधळा विश्वास तेवढा टाकू नका. अमुक वस्ती चांगली, तमुक वाईट, असे कुणी सांगू लागले, तर भिंगरीचा तो पहिला प्रश्न त्याला विचारा. त्या दिवशी तिला गप्प बसवले होते. तुम्हाला कुणी गप्प बसवले, तर पुन्हा विचारा.

भिंगरीने वाकून बुटाचा बंद घट्ट केला. "आई, तिथली शाळा सुटायच्या आत पोचलो तर मुलं कशी घरी जातात ते बघता येईल," ती म्हणाली. मालकांनी टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली.

"चालत जायचं, काका."

मालकांनी किल्ली खाली ठेवली. आईने पिशवी खांद्याला लावली.

या खिडकीतून मला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतच दिसते. भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. कोपऱ्यावर ती थांबली. तिथे एक भाजीवाली बसली होती. भिंगरीने तिला काहीतरी विचारले. बाईने हात लांब करून दाखवले, मग उठून उभी राहिली आणि आणखी काही समजावले. भिंगरीने नीट ऐकून घेतले, दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडला आणि ती चालू लागली.