वरच्या मजल्यावरची भवानी

बारामतीच्या बाजारपेठेत सर्जेरावतात्यांचं भांड्यांचं दुकान, आणि दुकानावरचा मजला कित्येक वर्षं रिकामा. तिथं फुटकी खोकी, पेंढा आणि कबुतरं सुखानं नांदत होती. तात्यांचा पुतण्या इंद्रजित एमआयडीसीत लागला तेव्हा तात्याच म्हणाले, "भाडं कशाला भरताय? वर ऱ्हावा की." कबुतरांना हाकललं, भिंती रंगवल्या, मोरीला फरशी बसली, आणि इंद्रजितची बायको प्रगती दीड वर्षाच्या स्वरदाला कडेवर घेऊन वरकुट्याहून राहायला आली.

घर झकास होतं. गॅलरीत उभं राहिलं की अख्खा बाजार पायाशी. फक्त एकच उणं. घराला दार नव्हतं.

म्हणजे खोलीला होतं, पण जिना उतरला की माणूस थेट दुकानात, तात्यांच्या गल्ल्यामागं. दुकानाचं शटर तेच घराचं दार. इंद्रजित पहाटे पाळीवर निघाला की बाहेरून कुलूप लावायचा. शटरला आतून कडी नव्हती, आणि एवढा माल उघडा कसा टाकणार? मग तात्या निमगाव केतकीहून येईपर्यंत मायलेकी आत बंद. प्रगती बी.एस्सी. झालेली. काय काय पेटू शकतं, काय काय गळू शकतं आणि पोरं काय काय गिळू शकतात, सगळं तिला पाठ. झोपण्याआधी ती गॅसचं बटण बघायची, मध्येच उठून बघायची, शेवटी इंद्रजितला उठवून बघायला लावायची.

"तात्या, जिन्याच्या पायथ्याला भिंत फोडली तर मागच्या बोळात दार निघेल," ती म्हणायची.

"राजरस्ता सोडून बोळात कशाला शिरतीस, सूनबाई?"

खरं कारण वेगळंच होतं. तात्यांचा एक कडक नेम होता. सकाळी उदबत्ती लावली की भवानी होईपर्यंत, म्हणजे पहिली विक्री होऊन रोख पैसे गल्ल्यात पडेपर्यंत, कुणी रिकाम्या हातानं दुकानाबाहेर पडायचं नाही. त्याच्यामागं लक्ष्मीही निघून जाते. त्यामुळं प्रगतीला दुधाला जायचं तरी आधी काहीतरी विकत घ्यावं लागे. गाळणी झाली, पळी झाली, झारे, चिमटे, सांडशी झाली. माणसं अडीच आणि उलथनी मोजवत नव्हती. त्यातून एकदा स्वरदानं आपल्या इवल्या हातानं नाणं दिलं आणि त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. झालं! "पोरीच्या हाताला गुण हाय," तात्यांनी ठरवून टाकलं. "बोळातनं दार काढलं तर माझी भवानी परस्पर दुधाला जाईल."

असं ते दार अडलं होतं.

एके दिवशी आठवडी बाजार होता. गल्ली माणसांनी फुललेली, आणि शटर बंद. प्रगतीनं फोन लावला.

"पंक्चर झालीया गाडी," तात्या म्हणाले. "आलोच."

हे 'आलोच' किती लांबचं असतं ते तिला ठाऊक होतं. स्वरदाचं अंग सकाळपासून जरा कोमट लागत होतं. ताप नव्हता, पण आला तर? तेवढ्यात खालून हाक आली.

"ओ ताई! दुकान उघडत न्हाय का आज?" भिगवणच्या खानावळवाल्या अनसूयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"किल्ली यायचीय, मावशी."

"माझी गाडी निघंल की! मासं तळायला झारा पायजे मला."

प्रगतीनं स्वयंपाकघराकडं वळून पाहिलं. भिंतीवर झारे ओळीनं लटकत होते, एकालाही तेल लागलं नव्हतं. तिनं ओढणीचं एक टोक स्वरदाच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या, आणि वाळणाची दोरी सोडून बादलीला बांधली. पण कुणाच्या डोक्यात पडलं तर?

"बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा!" ती गॅलरीतून ओरडली.

बाजारात असं ओरडल्यावर कोण बाजूला होतं? सगळे जवळ आले. झारा झुलत झुलत खाली उतरला, अनसूयाबाईंनी वाजवून पाहिला, नोट बादलीत टाकली. बादली वर जाताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून स्वरदानंही वाजवल्या, आणि बादलीतली नोट उचलून मुठीत गच्च धरली.

"मला उलथनं!"

"वयनी, चिमटा हाय का?"

"स्कॅनर खाली सोडा की!"

"स्कॅनर शटरच्या आत आहे, रोख टाका!" प्रगतीला हसू आवरेना. बादली खाली, बादली वर. कोमट अंगाची स्वरदा उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडीबरोबर तिच्या आईला ओढणीचा हिसका बसत होता.

तात्या आले ते या जत्रेत. गिऱ्हाइकांच्या माना वर, बादली मध्ये, आणि स्वतःचं शटर खाली. त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, भवानी झाली?"

"झाली, तात्या! वर झाली!"

"पैशे?"

"स्वरदाच्या मुठीत."

तात्यांनी घाईघाईनं कुलूप काढलं. प्रगती लेकीसह जिना उतरली ती शेवटच्या पायरीवर थांबली.

"दवाखान्यात जाऊन येते. पण एक सांगा, भवानीचे पैसे मुठीत घेऊन पोर दुकानातून बाहेर गेली तर चालेल?"

"छ्या! लक्ष्मीच चालली की बाहेर. मला दे ते."

स्वरदा मूठ उघडेना. तात्यांनी गोडीगुलाबी केली, पितळी वाटी वाजवून दाखवली. मूठ आणखी घट्ट.

"वरची भवानी वरच्यांचीच," प्रगती म्हणाली. "मग जायचं कुठून, तात्या?"

दारातून अनसूयाबाई खदखदल्या. "आता भिंतच फोडा, सर्जेराव! न्हायतर पोरगी जन्मभर जिन्यातच बसंल."

गल्ली हसली. तात्या गल्ल्याकडं, मुठीकडं, जिन्यामागच्या भिंतीकडं बघत राहिले आणि शेवटी स्वतःच फस्सकन हसले. "केशवला बोलवा. पहार घिऊन ये म्हणावं."

केशव गवंड्यानं आधी माणूस निघेल एवढं भोक पाडलं, आणि मायलेकी मुठीसकट त्यातूनच बोळात बाहेर पडल्या. दवाखान्यात दुसरं काही निघालं नाही, दात येत होते. मायलेकी परतल्या तोवर त्यानं दाराएवढ्या विटा काढल्या होत्या. बोळातलं ऊन जिन्यावर येऊन पसरलं होतं, आणि शेजारचा शिंपी भोकातून आत डोकावत होता.

"वयनी, कडी कुठं लावू? आतनं का भायेरनं?" केशवनं विचारलं.

"आतून!" प्रगती एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की शिंप्यानं दचकून मान बाहेर काढली. "आणि पोरीचा हात पोचणार नाही, इतकी वर."