सेनोनची मशीनगन

पासो मोरोतीच्या चौकात आंब्याखाली एक बाक होतं आणि त्या बाकावर चाकोची लढाई अजून चालू होती. तह होऊन तीस-एक वर्षं लोटली होती. पाराग्वे जिंकलं होतं, बोलिव्हिया हरलं होतं, दोन्हीकडची सरकारं कितीदा तरी बदलली होती. बाकाला मात्र कुणी कळवलंच नव्हतं.

बाकाच्या एका टोकाला आनिसेतो बसायचा, पाराग्वेच्या अनवाणी पायदळातला; गाव त्याला मानाने काराई म्हणायचं. दुसऱ्या टोकाला सेनोन चोके, बोलिव्हियाच्या डोंगरातला. कैदी म्हणून आला, आमचे रस्ते बांधले, आणि तह झाल्यावर बाकीचे कैदी घरी गेले तेव्हा गावातल्या देलमिराच्या पायी इथेच राहिला. डोंगरातल्या माणसाला इकडे कोया म्हणतात, तसा तो गावाचा कोया झाला. दोघांच्या मध्ये शिंगाचा पेला असायचा, त्यात येर्बाचा पाला आणि वरून गार पाणी, आमचं तेरेरे. एक नळी, दोन तोंडं. पेला इकडून तिकडे फिरायचा आणि त्याच्याबरोबर दोन्ही फौजा.

"तुमच्याकडे जर्मन सेनापती," आनिसेतो सुरू करायचा, "विमानं, तोफा, पायात बूट. आणि हरलात कुणाकडून? ज्यांच्यात दोघांमागे एक बंदूक होती, त्यांच्याकडून."

"बूट होते म्हणून तर हरलो. बूट घातलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला कुठंतरी पोचायचंय. तुम्ही मेले घरीच बसला होतात."

"आमचा शिपाई असा निपचित पडायचा की डास त्याला ओंडका समजून पुढे जायचे. सान ब्लासची शपथ!"

"आणि आमचा?"

"तुमचा शिपाई डास आपापसात वाटून घ्यायचे. घोंगडीसकट."

सेनोन पोट धरून हसायचा. मग कुणीतरी हटकून विचारायचं, की हा कोया तुला सापडला तरी कसा? त्या गोष्टीत कधी सेनोन रानडुकरावर बसून शरण यायचा, तर कधी आनिसेतो गिटार वाजवून अख्खी तुकडी झुडपातून बाहेर काढायचा आणि हा मागून ताल धरत यायचा. प्रत्येक वेळी नवी शपथ. काकुपेच्या माउलीची झाली, आईच्या हाडांची झाली, स्वतःच्या डोळ्यांचीही झाली. सेनोन मान डोलवायचा, "खरंय, डुक्कर जरा लंगडत होतं," म्हणायचा आणि पेला पुढे करायचा.

जानेवारीच्या उन्हाळ्यात एका सकाळी सेनोन कसावा उपटता उपटता वाफ्यातच बसला आणि बसलेलाच राहिला.

त्या उकाड्यात दिवस मावळायच्या आत माती देणं भाग होतं. प्रश्न एकच, कुठे द्यायची? आमच्या स्मशानात दाराशी लढवय्यांचा कोपरा आहे, चुना लावलेल्या क्रुसांचा. देलमिराचा धाकटा भाऊ लासारो तिथेच आहे. पार मागे, ओढ्याकाठी, परक्यांची रांग आहे. पाऊस झाला की ओढा तिथले क्रूस उपटून नेतो आणि कोण कुठे होता ते पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही.

लढवय्यांच्या कोपऱ्यात जागा द्यायची ती सार्जंट ओवेलारने. रीत अशी, की मेलेल्याला लढताना डोळ्यांनी पाहिलेल्या कुणीतरी प्रेताशेजारी उभं राहून त्याचा एक पराक्रम सांगायचा. तो मान्य झाला, की सार्जंट नाव पुकारणार आणि सगळे म्हातारे "हजर!" म्हणून ओरडणार.

देलमिराने आनिसेतोला परसात गाठलं. डोळे कोरडे, हाताला अजून वाफ्यातली माती.

"काराई आनिसेतो, त्यांना ओढ्याकाठी टाकू देऊ नका. बहीण म्हणून लासारोशेजारची जागा मी माझ्यासाठी धरली होती, ती मी त्यांना देते. लढाईत त्यांना पाहिलेले तुम्ही एकटेच आहात. बोला त्यांच्यासाठी. पण हात जोडते, आज तरी खरं बोला."

"खरंच बोलणार आहे, न्या देलमिरा," आनिसेतो बायकांना मानाने लावतात ते 'न्या' लावून म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलायचे शब्द आधी मनात जुळवू लागला.

ओसरीवर सेनोनला ठेवलं होतं. बायका जपमाळ ओढत होत्या. पुरुषांत उसाची दारू फिरत होती. म्हातारे जुने खाकी सदरे घालून भिंतीला टेकले होते. आनिसेतोने टोपी काढली.

"माझी तुकडी रानात चुकली होती," तो म्हणाला. "सगळे गेले, मी उरलो. जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. बंदूक कधीच फेकून दिली होती. एका झुडपाखाली हा दिसला. खड्डा उकरून बसला होता, खड्ड्यात थोडा ओला चिखल, मांडीवर बंदूक. त्याने ती उचलली, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवली. सदरा काढला, चिखलात बुडवला आणि माझ्या तोंडात पिळला. आधी माझ्या. मला चालवेना. त्याच्या लोकांकडे नेलं असतं तर त्यांनी मला गोळी घातली असती. म्हणून मला पाठीवर घेऊन तो आपल्या, पाराग्वेच्या ठाण्यावर आला. पुढे कैद आहे हे माहीत असून आला. नंतर आपली भाषा आल्यावर मला म्हणाला, हे कुणाला सांगू नकोस, आमच्या गावात कळलं तर आईला पळपुट्याची आई म्हणतील. म्हणून ते रानडुक्कर. म्हणून ती गिटार."

आवाज इतका कापत होता, की शेवटचे शब्द पुढच्या रांगेपलीकडे गेलेच नाहीत.

मग मागून कुणीतरी विचारलं, "काराई, पाठीवर तू होतास की डुक्कर?" आणि सगळी ओसरी हसली. वाईट मनाने नव्हे हो. सेनोन असता तर तोही हसला असता. त्यांना वाटलं, म्हातारा दोस्ताला हसवून निरोप देतोय.

ओवेलार मात्र हसला नाही. "समजा खरं आहे. मग? शत्रूला पाणी पाजलं, बंदूक खाली ठेवली, आपल्या पायांनी कैदेत चालत आला. भला माणूस होता, मी नाही म्हणत नाही. पण त्या कोपऱ्यात शिपाई झोपलेत, आनिसेतो. ओढ्याकाठीच न्या त्याला."

देलमिराने मान खाली घातली. आनिसेतोने ती घातलेली बघितली, आणि त्याची जुनी जीभ जागी झाली.

"थांबा, सार्जंट! हे मी त्याच्या बायकोदेखत सांगणार नव्हतो. पण आता ऐकाच. कान्यादा सेकाची चकमक आठवते?"

ओवेलारचा हात दारूच्या पेल्यावर थांबला.

आनिसेतो कान्यादा सेकाला कधी गेलाच नव्हता. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या जखमींकडून त्याने त्या जागेचं नाव ऐकलं होतं, तेवढंच. पण एवढ्यावर तो आजवर आख्खे किल्ले बांधत आला होता.

"एक मशीनगन होती तिथे. एकच! आपली अख्खी कंपनी दिवसभर जमिनीला नाक लावून पडली होती. पाणी कुठलं? नळी तापली की गडी स्वतःच्या मुताने गार करायचा आणि पुन्हा सुरू. त्याचे साथीदार मेले, तरी एकटा पट्टा सरकवत राहिला. गोळ्या संपल्या तेव्हा उठून उभा राहिला, आपल्याकडे बघून टोपी काढली आणि झुडपात गेला. मी पाहिला त्याला, या डोळ्यांनी. जर्मन सेनापती गेला खड्ड्यात, विमानं गेली खड्ड्यात. सबंध लढाईत दोन्ही फौजांत मिळून असा शिपाई झाला नाही, आणि तो हा इथे पडलाय!"

आवाज आता जराही कापत नव्हता. भिंतीला टेकलेले म्हातारे एकेक करून ताठ बसले. शत्रू असा म्हटल्यावर त्याला हरवणारे आपण किती मोठे, हे त्यांच्या बरगड्यांना कळलं होतं.

ओवेलार उठला. त्याचे डोळे भरले होते.

"मी होतो तिथे," तो म्हणाला. "इतकी वर्षं मनात म्हणतोय, त्या गनमागे माणूस होता की सैतान. आपल्याच चौकात बसून तेरेरे पीत होता!" तो प्रेतापाशी गेला आणि त्याने कडक सलाम ठोकला. "देलमिरा, तुझा लासारो तापाने गेला असं घरी सांगितलं ते मीच. म्हातारी आई होती ना तुमची. तो त्याच गनसमोर पडला, माझ्या शेजारी. पोटात लागली होती. आता शिपाई शिपायाशेजारी झोपेल. याहून मोठा मान नाही."

जपमाळा थांबल्या. देलमिरा नवऱ्याच्या छातीवर जुळवलेल्या हातांकडे बघत राहिली. सकाळी तिनेच ते धुऊन जुळवले होते.

सेनोनला लढवय्यांच्या कोपऱ्यात माती दिली. "सेनोन चोके!" ओवेलारने पुकारलं, आणि "हजर!" असं उठलं की झाडावरचे पोपट उडाले. त्यात आनिसेतोचा आवाज नव्हता.

लोक पांगल्यावर तो देलमिराच्या मागे धावला.

"न्या देलमिरा, ते खोटं होतं! मशीनगनचं. तो शेवटपर्यंत खंदक खणणारा शिपाई होता. मला कुठे ठाऊक होतं लासारो तिथे..."

"मग खरं काय?"

"आधी सांगितलं ते. पाण्याचं."

"त्याला तर सगळे हसले. मीसुद्धा मनात थोडी हसले." ती थांबली. "सार्जंट तिथे होते. ती गन होती, माझा भाऊ तिच्यासमोर मेला, ते तरी खरं ना? मग तुमच्या गोष्टीतलं तेवढंच खोटं कसं?"

"मी शपथ घेतो."

"कुणाची?"

आनिसेतो मनात शपथा मोजू लागला. सान ब्लास डासांपायी गेला होता. काकुपेची माउली रानडुकरापायी. आईची हाडं गिटारीपायी. न वापरलेली एकही शपथ त्याच्याकडे उरली नव्हती.

"त्यांनी मला पाण्याचं कधी सांगितलं नाही," देलमिरा म्हणाली. "आणि गनचंही नाही. माझ्याशी त्या लढाईबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आता माझ्याकडे दोन नवरे आहेत, काराई, आणि दोन्ही तुमच्या तोंडातले."

गावात सेनोन मोठा होत गेला. दरवर्षी तहाच्या दिवशी शाळेची पोरं त्याच्या क्रुसाला सलाम करू लागली. आनिसेतो "अरे, मी बनवलेलं ते," म्हणाला की ओवेलार डोळा मिचकावायचा, "म्हातारा जळतोय."

सोमवारी आमच्याकडे मेलेल्यांना मेणबत्ती लावतात. देलमिरा दर सोमवारी यायची आणि लासारोच्या मातीवर एक लावायची. एकच. दुसऱ्या क्रुसाकडे पाठ करून बसायची. आनिसेतो तिच्यासमोर खाली बसायचा आणि पाण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. ज्याने जन्मात एक गोष्ट दोनदा सारखी सांगितली नव्हती, तो तेच शब्द त्याच क्रमाने सांगू लागला. ती मान वर न करता ऐकायची आणि कधी एखादा प्रश्न टाकायची. सदरा कसला होता? "लोकरीचा, कोपरावर फाटका." तो काही बोलला का? "बोलला, पण त्याच्या डोंगरातल्या भाषेत." पाठीवर असताना तुमचं डोकं कुठल्या खांद्यावर होतं? "डाव्या."

आनिसेतोच्या ध्यानात आलं. ती चूक शोधत होती, आणि ती सापडू नये म्हणून मनातून धडपडतही होती. हळूहळू ती थोडी तिरपी बसू लागली, दोन्ही क्रूस दिसतील अशी. एका सोमवारी तिच्या टोपलीत दोन मेणबत्त्या होत्या.

त्या दिवशी आनिसेतोला सकाळपासून बरं नव्हतं. वय झालं होतं, आणि नजर राहून राहून त्या दोन मेणबत्त्यांकडे जात होती. खड्डा, बंदूक, सदरा, सगळं नीट झालं.

"...मग त्याने मला पाठीवर घेतलं, आणि मी त्याच्या उजव्या खांद्यावर डोकं टाकलं..."

देलमिराने वर बघितलं. एक मेणबत्ती लावलेली होती, दुसरी तिने परत टोपलीत ठेवली, हाताने गुडघे झटकले आणि दाराकडे चालू लागली.

"डाव्या!" आनिसेतो मागून ओरडला. "डाव्या खांद्यावर, न्या देलमिरा! डाव्याच!"

मग तो एकटाच मातीत बसून राहिला. डोळे मिटून त्याने ते रान समोर आणलं, ती तहान आणली, त्या मानेचा घामट वास आणला. मान एकदा या बाजूला टेकवून बघितली, एकदा त्या. दोन्हीकडे सारखीच टेकत होती.